मुलांनी केलेलं मिठाच्या कणकेचं तोरण दरवर्षी का तडकतं?

वसुबारसेच्या सकाळी शेजारची पाच वर्षांची मुलगी आमच्या दारात उभी होती. एका तळहातावर हत्ती, दुसऱ्यावर त्याची सोंड. आठवडाभरापूर्वी आमच्या गच्चीवर तिने तो स्वतः केला होता. कानांवर काडीने टिपके टोचले होते, पाठीवर झूल काढली होती. डोळे भरलेले, आणि तिच्या गुजरातीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा: मी हातसुद्धा लावला नाही, मासी.

तिने खरंच हात लावला नव्हता. मिठाच्या कणकेची वस्तू कुणी पाडली म्हणून क्वचितच मोडते. ती वाळता वाळता आतल्या आत तुटते. पण पाच वर्षांच्या मुलाला हे कळत नाही, त्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. मुलांनी काय करायचं ते त्यांना उत्तम कळतं. मळणं, जाडी आणि वाळवणं ही तीन कामं मोठ्यांची आहेत, आणि जवळजवळ सगळी मोडतोड या तिनांतूनच येते.

वडोदऱ्यात दांडिया बाजारात आमचं घर आहे. दिवाळीआधी गल्लीतली दहा-बारा मुलं, निम्मी मराठी, निम्मी गुजराती, आमच्या गच्चीवर जमतात आणि दारासाठी तोरणं, खिडकीत टांगायला चांदण्या, पणत्या, मोर, हत्ती करतात. बरीच वर्षं हे चाललं आहे आणि तक्रारी दरवर्षी त्याच: तडा गेला, वाकलं, फुगलं, दारावर टांगल्यावर ओलं झालं, पांढरं पडलं, भोक बुजलं. एकेक घेते.

आधी प्रमाण, म्हणजे पुढचं समजेल. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाऊण वाटी पाणी. पाणी एकदम ओतायचं नाही. अर्धं आधी, उरलेलं चमच्याचमच्याने. कणीक पुरीच्या कणकेइतकी घट्ट हवी, पोळीच्या कणकेइतकी सैल नको. दहा मिनिटं जोर लावून मळायची, ओल्या फडक्याखाली अर्धा तास मुरू द्यायची आणि पुन्हा दोन मिनिटं मळायची. गव्हाच्या पिठाने होत नाही असं नाही, पण कोंड्यामुळे पृष्ठभाग खडबडीत राहतो आणि बारीक नक्षी उठत नाही. ज्या मैद्यात बेकिंग पावडर आधीच मिसळलेली असते तो अजिबात घेऊ नका, वस्तू पावासारखी फुगते.

मीठ कमी करू नका. वाटीभर मीठ वाया जातंय असं वाटून अर्धी वाटी घालणाऱ्या बऱ्याच जणी मला माहीत आहेत. त्यांच्या वस्तूंना आठवडाभरात बुरशी आली. लोणचं ज्या कारणाने टिकतं त्याच कारणाने ही कणीक टिकते. खडे मीठ असेल तर ते मिक्सरमधून अगदी बारीक काढून, चाळून घ्या. आपण गुजरातेत राहतो, देशातलं तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ इथे पिकतं, रणातलं जाड मीठ सहज मिळतं. पण त्याचे खडे कणकेत तसेच राहिले तर वाळल्यावर प्रत्येक खड्याभोवती एक बारीक भेग दिसते.

तडा

सगळ्यात जास्त रडू याच्यापायी येतं, म्हणून इथे जरा थांबते.

कणीक वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी जातं, आणि पाणी गेलं की ती आकसते. पातळ भाग लवकर वाळतो, लवकर आकसतो. जाड भाग अजून ओला, अजून तेवढाच मोठा. या दोघांची ओढाताण होते आणि जिथे जाड आणि पातळ जुळतात तिथे तडा जातो. हत्तीचं अंग बोटभर जाड आणि सोंड काडीएवढी. तडा कुठे जाणार हे ती कणीक ओली असतानाच ठरलेलं होतं.

सपाट वस्तूंसाठी उपाय सोपा आहे. पोळपाटाच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी फूटपट्टी आडवी ठेवा, मध्ये कणीक, आणि लाटणं फूटपट्ट्यांवर टेकवून फिरवा. लाटणं फूटपट्टीच्या खाली जाऊच शकत नाही, त्यामुळे लाटी सगळीकडे सारख्याच जाडीची होते. जाडी साधारण पाव इंचाच्या आत येते, आणि एवढीच हवी. त्याहून पातळ केलं तर मोडतं, जाड केलं तर वाळता वाळत नाही. सहा वर्षांचं मूल हे स्वतः करू शकतं आणि त्याला ते फार आवडतं, कारण कुणी "इथे जाड राहिलं, दे इकडे" असं म्हणत नाही.

उठावाच्या वस्तूंना, म्हणजे हत्ती, मोर, गणपती यांना फूटपट्टी चालत नाही. तिथे बहुतेक मोठी माणसं जे करतात ते चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे. ती मुलाचा हत्ती हातात घेतात आणि दाबून सपाट करतात. हत्ती वाचतो खरा, पण तो मुलाचा राहत नाही.

त्याऐवजी मागून कोरा. वस्तू तासभर तशीच ठेवा, वरून थोडी आवळली की अलगद उलटी करा आणि चहाच्या चमच्याने पाठीमागून जाड भागातली कणीक काढून टाका. पोट पोकळ, पाठ तशीच. शाडूची मोठी मूर्ती आतून पोकळ असते ती याच कारणाने, आणि गणपतीत मूर्तिकाराकडे उभं राहून पाहिलेलं असल्यामुळे मुलांना हे लगेच पटतं. कोरताना त्यांना बरोबर घ्या. "आता त्याचं पोट रिकामं करू, म्हणजे तो लवकर वाळेल" एवढं सांगितलं की पुरतं. समोरून हत्तीचा एक टिपकाही हलत नाही.

दुसरं कारण सांध्याचं. मुलं सोंड, कान, शेपूट वेगळं करतात आणि अंगावर नुसतं दाबतात. ओली असताना ती चिकटल्यासारखी वाटते, वाळल्यावर सुटते. दोन्ही बाजूंना टूथपिकने आडव्या-उभ्या रेघा मारा. थोडी कणीक पाण्यात कालवून खळीसारखी दाट करा, ती रेघांवर लावा आणि मग दाबा. सांध्याभोवती ओलं बोट फिरवून फट बुजवा. मुलांना मी सांगते, आधी खरवडायचं, मग खळ, मग मिठी. या तीन पायऱ्या आता आमच्या गल्लीतली सगळी मुलं एका सुरात म्हणतात.

तिसरं कारण उन्हाचं. ऑक्टोबरच्या दुपारी आमच्या गच्चीवर पाय भाजतो. ओली वस्तू थेट त्या उन्हात ठेवली की वरची साल तासाभरात कडक होते, आतलं ओलंच राहतं, आणि वर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. पहिला पूर्ण दिवस सावलीत, पंख्यापासूनही लांब. दुसऱ्या दिवसापासून कोवळं ऊन. कडक ऊन तिसऱ्या दिवशी.

लाटतानाच कडा बाजरीच्या भाकरीसारख्या फुटत असतील तर पाणी कमी पडलंय किंवा कणीक मुरलेली नाही. हात ओला करून पुन्हा मळा आणि पंधरा मिनिटं झाकून ठेवा. मुलांच्या हातात असते तेव्हाही कणीक उघडी राहते आणि सुकते. म्हणून प्रत्येकाला एकदम मोठा गोळा न देता लिंबाएवढा द्यायचा, बाकीचा झाकलेला.

वाकलं

चांदणी ताटात ठेवली होती सपाट, उचलली तर बशीसारखी झाली आहे. पापड एका बाजूने ऊन लागला की कसा वळतो ते आठवा. वरची बाजू आधी वाळते, आकसते आणि कडा वर ओढते. ताटाला चिकटलेल्या बाजूला हवाच लागत नाही.

ताट नको. वेताचं सूप किंवा प्लॅस्टिकची चाळणी उलटी घालून तिच्यावर ठेवा, म्हणजे खालूनही हवा जाईल. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी उलटायचं, नंतर सकाळ-संध्याकाळ. मुलांपैकी एकाला "उलटवणारा" नेमून द्या, तो विसरत नाही. लोखंडी जाळी वापरू नका. मिठामुळे तिला गंज चढतो आणि त्याचे तांबडे पट्टे वस्तूवर कायमचे उमटतात.

वाकलेली चांदणी अजून थोडी ओलसर असेल तर तिच्यावर कापड आणि हलकी वही ठेवून दोन तासांत सरळ होते. पूर्ण वाळल्यावर सरळ करायला गेलात तर मोडेल. तशीच रंगवा, टांगल्यावर वाकलेली चांदणी सुंदर दिसते.

फुगलं, बुडबुडे आले

उष्णता जास्त झाली. ओव्हन असेल तर १०० अंशांच्या वर नेऊ नका. आधी एक दिवस सावलीत वाळवा, मग दोन-तीन तास, दर तासाला उलटून, आणि वाफ बाहेर जायला दार किंचित उघडं ठेवून. मायक्रोवेव्ह नको: आत वाफ कोंडते, वस्तू फुगते, मध्ये जळते. तवाही नको. ओव्हन नसेल तर काही बिघडत नाही, आमच्याकडे बहुतेक सगळं हवेवरच वाळतं. मळताना कणकेत हवा कोंडली तरी एखादा बुडबुडा येतो, तो ओला असताना टाचणीने फोडून बोटाने दाबायचा.

वाळतच नाही

याचं खरं कारण कॅलेंडरमध्ये आहे.

गुजरातेतल्या शाळांना दिवाळीचं वेकेशन भरपूर मोठं मिळतं, पण ते सुरू होतं दिवाळीच्या तोंडावर. मुलं रिकामी झाली की आपण कणीक मळायला घेतो. मग वाळायला चार दिवस, रंगवायला एक, आणि वार्निश लावायला वेळच नाही. ओली वस्तू रंगवली जाते, दारावर लागते आणि भाऊबीजेपर्यंत टिकत नाही. ती मुलांच्या हातून बिघडलेली नसते. तिला वेळ मिळालेला नसतो.

मी आता एकच तिथी धरते, कोजागरी. कोजागरीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत पंधरवडा मिळतोच, दिवाळी लवकर असो की उशिरा. कोजागरीच्या संध्याकाळी गच्चीवर मसाला दूध आटत असतं, मुलं जागीच असतात, तेव्हाच कणीक मळून वस्तू करून घ्यायच्या. शाळा चालू असली तरी दीड-दोन तास पुरतात. त्या रात्री वस्तू घरात आणून ठेवायच्या. पुढेही रोज दिवस मावळला की आत. गच्चीवर रात्रभर ठेवलं की पहाटेच्या दवाने दिवसभराची कमाई जाते.

दिवाळी लवकर आली तर जास्त जपावं लागतं. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, हवा कोरडी झाली होती, सगळं पाच दिवसांत खणखणीत वाळलं. २०२५ मध्ये कोजागरी ६ ऑक्टोबरलाच आली. पाऊस नुकता सरलेला, हवेत ओल. त्याच जाडीच्या चांदण्यांना नऊ-दहा दिवस लागले.

वाळलं की नाही हे ओळखायला मुलांना फार आवडणाऱ्या तीन परीक्षा आहेत. वस्तू गालाला लावायची. गार लागली तर अजून ओल आहे, कारण पाणी उडताना गारवा देतं, माठासारखंच. दोन चांदण्या एकमेकींवर हलक्या आपटायच्या. ओल्या असतील तर "थप" असा बसका आवाज येतो, वाळलेल्या "टक" वाजतात. आणि सगळ्यात पक्की म्हणजे वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक चांदणी रोज संध्याकाळी ठेवायची आणि आकडा वहीत लिहायचा. माझ्या वहीत एका चांदणीचे आकडे असे आहेत: ४२ ग्रॅम, मग ३७, ३४, ३३, ३२, ३२. दोन दिवस आकडा हलला नाही म्हणजे जायचं ते पाणी गेलं. त्याआधी ब्रश हातात घ्यायचा नाही. गल्लीतला एक तिसरीतला मुलगा हे वजन इतक्या निष्ठेने लिहितो की त्याच्या आकड्यांवरून मी आता पुढच्या वर्षीचे दिवस ठरवते.

दारावर लावल्यावर ओलं झालं, पांढरं पडलं

पूर्ण वाळलेली, रंगवलेली वस्तू चार दिवसांनी चिकट लागते, खाली थेंब दिसतो. हे मिठामुळे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तेच हे. रणातल्या जाड मिठात मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, ते त्याहून कमी ओलीतही पाझरतात. म्हणून तोरणासाठी शुद्ध केलेलं बारीक मीठच बरं. फोनवर हवामान बघता तिथेच आर्द्रतेचा आकडा दिसतो. पहाटे तो ७५ च्या वर असेल तर तोरण दुपारी लावा, पहाटे नको.

यावर खरा बंदोबस्त म्हणजे वार्निश, आणि इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: फक्त समोरून लावतात. ओल मागून शिरते. भिंतीकडची, न रंगवलेली, न दिसणारी बाजू तिला मोकळी मिळते. वार्निशचे दोन हात पुढून, दोन मागून, कडेने, आणि भोकाच्या आतूनही टूथपिकने. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. हे काम मोठ्यांनी, उघड्या गॅलरीत करायचं, मुलं आत असताना. फेविकॉल पाण्यात कालवून लावतात ते दिसायला चकचकीत होतं, पण दमट हवेत तो थर पुन्हा मऊ पडतो. घरात टांगायच्या वस्तूंना चालेल, दारावरच्या तोरणाला नाही. दारात सडा घालताना उडणारे थेंबही लक्षात घ्या, तोरण चौकटीच्या वरच्या बाजूला असू दे.

पांढरी भुकटी येते ती वेगळी. जुन्या भिंतीला लोणा लागतो, तोच हा. वाळताना पाणी बाहेर येतं आणि बरोबर मीठ घेऊन येतं. पाणी उडतं, मीठ वर राहतं. कणकेत पाणी जास्त असेल तर लोणाही जास्त. रंगवण्याआधी दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने एकदाच पुसा आणि पुन्हा एक दिवस वाळवा. रंगावर आला असेल तर आतमध्ये ओल शिल्लक होती असं समजा.

रंग

पोस्टर कलर आणि पाण्याचा पेला मुलांपुढे ठेवला की ब्रश पाण्यातच जास्त बुडतो. ते पाणी वरचं मीठ विरघळवतं, नक्षी बोथट होते, रंग ढगाळ दिसतो. ॲक्रिलिक रंग द्या, बाटलीच्या झाकणांत थोडे थोडे काढून, पाण्याशिवाय. लहानांना ब्रशऐवजी कानकाड्या द्या. प्रत्येक रंगाला वेगळी कानकाडी, म्हणजे धुवायला पाणी लागत नाही.

माझी स्वतःची आवड सांगायची तर रंग कणकेतच घालावा. मळतानाच दोन चमचे गेरू घातला की वस्तू भाजलेल्या मातीसारखी लाल दिसते, आणि तिच्यावर मुलांनी पांढरे टिपके दिले की दुसरं काही करावं लागत नाही. गेरूचा एक मोठा फायदा आहे. फराळाच्या दिवसांत घरात शंकरपाळे, करंज्या असतात, आणि पांढऱ्या मैद्याच्या चौकोनी वस्तू हुबेहूब शंकरपाळ्यांसारख्या दिसतात. घरात रांगतं मूल असेल तर ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. वाटीभर मीठ असलेली ही कणीक लहान मुलाच्या पोटात थोडीशी जरी गेली तरी त्रास होऊ शकतो, आणि कुत्र्याने खाल्ली तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. कणीक, वाळत घातलेल्या वस्तू आणि टांगलेलं तोरण, तिन्ही कुत्र्याच्या तोंडापासून उंच. चुकून खाल्लंच तर वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे.

पणत्या केल्या असतील तर त्या शोभेच्याच ठेवा. तेल त्यांत मुरतं. लावायचीच असेल तर आत मातीची छोटी पणती बसेल एवढी जागा करताना ठेवा.

भोक बुजलं, दोरा कापला, तार गंजली

भोक कणीक ओली असतानाच पाडायचं, शीतपेयाच्या स्ट्रॉने, कडेपासून किमान बोटाच्या रुंदीएवढं आत. टाचणीचं भोक वाळताना आणि वार्निश लावताना बुजतं. वाळल्यावर भोक पाडायला गेलात तर वस्तू दुभंगते, तो प्रयत्न नको. पहिल्यांदा उलटताना स्ट्रॉ पुन्हा एकदा फिरवून घ्या.

लोखंडी तार, यू-पिन, स्टेपलरची पिन कणकेत खुपसू नका. वर लिहिलेलाच गंज इथेही, फक्त आतून. मंगळ बाजारात मिळणारी जाड सुती दोरी किंवा रेशमी गोफ चांगला. बारीक नायलॉनचा दोरा टोकदार कडेवर घासून वस्तूलाच कापतो. तोरणात दोन वस्तूंच्या मध्ये मोठा मणी किंवा दोऱ्याची गाठ ठेवा, नाहीतर वाऱ्याने त्या एकमेकींवर आपटून टवके उडतात. आम्ही मध्ये आंब्याचं पान आणि झेंडू घालतो. खंडेराव मार्केटमधून फुलं आणतो आणि ताजं तोरण बदललं तरी मुलांच्या वस्तू त्याच राहतात. फक्त झेंडूवर पाणी शिंपडताना तोरण खाली काढून घ्यायचं.

पुढच्या वर्षी डबा उघडला तर पीठ झालेलं

मैदा आहे, त्याला किडे लागणारच, उंदीर आणि झुरळंही येणार. तुळशीच्या लग्नानंतर तोरण काढलं की एक दिवस उन्हात ठेवा, प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. नव्या चपलांच्या खोक्यात किंवा औषधाच्या बाटलीत ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या येतात त्या वर्षभर जमवून दोन-तीन डब्यात टाका. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत, थोडी जरी ओल असताना, कोंडून ठेवलं तर बुरशी ठरलेली. पावसाळा हा या डब्याचा परीक्षेचा काळ, तेव्हा तो उघडूच नका.

हवा फारच दमट असेल तर

दिवाळी लवकर आहे, पाऊस अजून रेंगाळतोय, अशा वर्षी मी मिठाची कणीक बाजूला ठेवते आणि सोड्याची करते. दोन वाट्या खाण्याचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लॉवर, सव्वा वाटी पाणी. सगळं एकत्र करून मंद आचेवर सतत ढवळायचं. आधी दुधासारखं असतं, मग पिठल्यासारखं गुठळतं, आणि कुस्करलेल्या बटाट्यासारखा गोळा झाला की लगेच गॅस बंद. तो क्षण चुकला आणि जास्त शिजलं की वाळताना तडे जातात. ओल्या फडक्याखाली कोमट होऊ द्यायचं आणि मळायचं. ही पांढरीशुभ्र असते, हाताला रेशमासारखी लागते, मिठासारखी पाझरत नाही. जाडी, सावली, उलटणं हे नियम तेच. डिसेंबरात मुलांना नाताळच्या चांदण्या करायच्या असतात तेव्हाही हीच घेते, बर्फासारखा पांढरा रंग आयताच मिळतो. मोठ्या, उठावाच्या हत्तींना मात्र मिठाचीच कणीक बरी, ती वजन पेलते.

आणि मोडलंच तर

हत्तीकडे परत येते. मोडलेली वस्तू फेकू नका, आणि मूल झोपल्यावर गुपचूप जोडूनही ठेवू नका. त्याच्यासमोर, त्याच्याच हाताने जोडा.

दोन्ही तुटक्या कडा कोरड्या ब्रशने साफ करायच्या. मैदा आणि मीठ त्याच प्रमाणात घेऊन, थोड्या पाण्यात टूथपेस्टइतकी दाट खळ करायची. पाणी जास्त झालं तर जुना भाग भिजून आणखी सुटतो. दोन्ही कडांना खळ लावून जोडायचं, बाहेर आलेली खळ बोटाने पुसायची, आणि वस्तू हलणार नाही अशी रव्याने किंवा तांदळाने भरलेल्या ताटात टेकवून ठेवायची. वस्तू जशी उभी राहायला हवी तशी तांदूळ तिला धरून ठेवतो. दोन दिवस तसंच. बारीक भेगा असतील तर तीच खळ बोटाने आत दाबून भरायची. सगळं वाळल्यावर सांध्यावर रंग, मग वार्निश. ते तांदूळ नंतर पक्ष्यांना घालू नका, त्यांना मीठ लागलेलं असतं.

त्या मुलीने सोंड स्वतः जोडली. तांदळाच्या ताटात हत्ती दोन दिवस आमच्या देवघरासमोर होता आणि ती शाळेला सुट्टी असल्यामुळे दिवसातून चार वेळा येऊन बघत होती. सांधा दिसत होता, तेव्हा तिने विचारलं, इथे काय करू? मी म्हटलं, तुला काय वाटतं? तिने सोंडेभोवती पिवळा पट्टा काढला, त्यावर लाल टिपके, राजवाड्यातल्या मिरवणुकीच्या हत्तीला असतो तसा. मग दुसऱ्या हत्तीलाही, जो मोडलाच नव्हता, त्यालाही तसाच पट्टा काढून दिला. दोघे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांच्या दारावर होते.